डिस्ट्रॅक्ट : नेमका अर्थ, वापर आणि मराठीत काय लिहावं?

रामबागकर

मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांसाठी वाहनसुरक्षेचं एक इंग्रजी पत्रक मराठीत करायचं आहे. एकाच पानावर 'डिस्ट्रॅक्ट' हे क्रियापद चार वेळा आलंय. सगळीकडे 'विचलित' टाकून पाहिलं. दोन ठिकाणी कसंबसं चालतं, दोन ठिकाणी अर्थच बदलतो. वाक्यं अशी :

१. डोन्ट डिस्ट्रॅक्ट द ड्रायव्हर.
२. डिस्ट्रॅक्टेड ड्रायव्हिंग किल्स.
३. इफ यू आर डिस्ट्रॅक्टेड बाय अ कॉल, पुल ओव्हर.
४. कीप अ टॉय हँडी टु डिस्ट्रॅक्ट अ क्रायिंग चाइल्ड.

वाचणारे बहुतेक साठीपुढचे, इंदूरचेच. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. त्यामुळे पुण्यात चालणारा शब्द इथे तसाच पोचेल याची खात्री नाही. जाणकारांनी शब्द तर सुचवावेतच, पण इंग्रजी क्रियापद नेमकं कसं चालतं तेही सांगावं.

---

शब्दपारखी

आधी क्रियापदाची बांधणी पाहू, मराठी शब्द आपोआप सुटतील.

मूळ लॅटिन 'दिस्त्राहेरे'. 'दिस' म्हणजे वेगवेगळ्या दिशांना, 'त्राहेरे' म्हणजे ओढणं. याच 'त्राहेरे'तून ट्रॅक्टर, ॲट्रॅक्ट, एक्स्ट्रॅक्ट, सब्ट्रॅक्ट आले. ॲट्रॅक्ट म्हणजे आपल्याकडे ओढणं, डिस्ट्रॅक्ट म्हणजे जिथे होतं तिथून ओढून नेणं. कुठे नेलं याला फारसं महत्त्व नाही, कुठून नेलं याला आहे.

म्हणून या क्रियापदाच्या पोटात तीन जागा असतात : ओढणारी गोष्ट, जिचं लक्ष ओढलं जातं ती व्यक्ती, आणि जे काम हातचं सुटतं ते. पूर्ण वाक्य असं होतं : द ड्रम्स डिस्ट्रॅक्टेड हर फ्रॉम हर स्टडीज. ढोल, ती, अभ्यास. तिसरी जागा वाक्यात नसली तरी ऐकणारा ती मनात भरतो. कुठलंही काम चालू नसेल तर डिस्ट्रॅक्ट होताच येत नाही. रिकाम्या बसलेल्या माणसाला गेरचे (रंगपंचमीच्या मिरवणुकीचे) ढोल ऐकू आले तर तो डिस्ट्रॅक्ट झाला असं इंग्रजीत कुणी म्हणणार नाही.

आता तुमची वाक्यं या कसोटीवर घासा. पहिल्यात ओढणारा माणूस आहे (शेजारी बसलेला), तिसऱ्यात वस्तू आहे, चौथ्यात मुद्दाम ओढलंय आणि तेही भल्यासाठी. दुसऱ्यात ओढणारा सांगितलेलाच नाही, फक्त स्थिती आहे. मराठीत या चौघांना एकच शब्द पुरणार नाही, आणि पुरवायचा अट्टहासही करू नये.

---

माळव्यातली

'विचलित'वर माझा आक्षेप आहे. मराठीत 'लक्ष विचलित झालं' ठीक, पण 'मी विचलित झालो' म्हटलं की अर्थ होतो मी हललो, अस्वस्थ झालो. बातम्यांच्या वाहिन्या अपघाताची चित्रं दाखवण्याआधी 'विचलित करणारी दृश्यं' अशी पाटी लावतात, हिंदीतही 'विचलित कर सकती हैं' म्हणतात. तिथे मूळ इंग्रजी शब्द डिस्टर्बिंग असतो, डिस्ट्रॅक्टिंग नव्हे. म्हणजे 'विचलित' एकटा आला तर डिस्टर्बकडे जातो, 'लक्ष'चा हात धरून आला तरच डिस्ट्रॅक्टकडे येतो.

'चालकाला विचलित करू नका' याचा अर्थ आमच्या लोकमान्य नगरातल्या कुठल्याही आजोबांना 'चालकाला घाबरवू नका' असाच लागेल.

---

कात्रणवाला

माळव्यातली ताईंशी सहमत. पण मग 'विचलित' टाकूनच द्या की. साधं 'लक्ष' हे नाम आणि त्याला योग्य क्रियापद, एवढ्यावर सगळं भागतं. फक्त प्रत्येकाची छटा वेगळी, ती सांभाळायची :

लक्ष ढळणं : क्षणाचं. गाडी चालवताना हेच.
लक्ष उडणं : टिकाऊ. 'अभ्यासावरून लक्ष उडालं' म्हणजे गोडीच गेली, महिनाभर पुस्तक उघडलं नाही. हे डिस्ट्रॅक्ट नव्हे.
लक्ष वेधणं : हे ॲट्रॅक्टचं मराठी. पुष्कळ भाषांतरांत डिस्ट्रॅक्टसाठी वापरलेलं दिसतं, आणि अर्थ उलटा होतो. 'फलकाने चालकाचं लक्ष वेधलं' हे फलकाचं कौतुक आहे.
लक्ष वळवणं : मुद्दाम केलेलं.
चित्त चाळवणं : यात मोहाचा वास आहे. सराफ्यातल्या खाऊगल्लीत रात्री गरम जिलबीच्या वासाने चाळवतं ते चित्त. ट्रॅफिक पत्रकात नको.
मन भरकटणं : बाहेरून कुणी ओढलेलं नाही, आपलं आपणच गेलं. इंग्रजीत याला डिस्ट्रॅक्ट न म्हणता 'माय माइंड वॉन्डर्ड' म्हणतात.

शेवटचा फरक महत्त्वाचा आहे. डिस्ट्रॅक्टला ओढणारं कुणीतरी लागतं, वॉन्डरला लागत नाही.

---

शब्दपारखी

कात्रणवाला, शेवटचं वाक्य थोडं सैल करावं लागेल. 'यू सीम डिस्ट्रॅक्टेड टुडे' यात ओढणारी गोष्ट बाहेर असेलच असं नाही, आतली काळजीही असू शकते. 'डिस्ट्रॅक्टेड बाय वरीज' हे अगदी रूढ आहे. क्रियापदाला ओढणारा लागतो, तो बाहेरचाच हवा असं नाही. याला मराठीत 'कुठे हरवलात आज?' किंवा 'लक्ष नाहीये तुमचं' पुरतं.

---

व्याकरणमित्र

इंग्रजी वापराचं बोलायचं तर मराठी-हिंदी भाषकांच्या हातून ठरावीक जागी गडबड होते, आणि प्रत्येकीमागे आपल्या भाषेचं व्याकरण उभं असतं. भंवरकुआंच्या कोचिंग वर्गांत आणि मुलाखतींच्या सरावात हीच वाक्यं पुन्हा पुन्हा ऐकू येतात.

'माय माइंड डिस्ट्रॅक्टेड.' चूक. मराठीत 'विचलित करणे' आणि 'विचलित होणे' अशी जोडी आहे, म्हणून वाटतं इंग्रजी क्रियापदही आपोआप 'होणे'च्या अर्थाने चालेल. 'ओपन' तसं चालतं : आय ओपन्ड द डोअर, द डोअर ओपन्ड. डिस्ट्रॅक्ट चालत नाही. ते सकर्मक आहे. 'होणे' हवं असेल तर बी किंवा गेट जोडा : आय गॉट डिस्ट्रॅक्टेड. आणि तिथे कर्ता शक्यतो माणूसच ठेवा, 'माय माइंड' नको.

बी आणि गेट यांतही फरक आहे. 'आय वॉज डिस्ट्रॅक्टेड' म्हणजे त्या वेळी ती अवस्था होती. 'आय गॉट डिस्ट्रॅक्टेड' म्हणजे अमुक क्षणी लक्ष गेलं, घटना घडली. मुलाखतीत उशिराचं कारण देताना दुसरं वाक्य निष्काळजी वाटतं, पहिलं जरा सौम्य. कारण न देणं सगळ्यांत बरं, पण तो वेगळा धागा.

'आय ॲम व्हेरी डिस्ट्रॅक्टिंग.' याचा अर्थ मीच इतरांचं लक्ष घालवतो. कंटाळा आलेल्याने 'आय ॲम बोअरिंग' म्हणावं तसलाच प्रकार. ओढणाऱ्याला -इंग, ओढल्या गेलेल्याला -एड.

शब्दयोगी अव्ययांत सर्वांत जास्त घसरतात. जे काम सुटलं त्याला फ्रॉम. ज्याने ओढलं त्याला बाय. 'आय गॉट डिस्ट्रॅक्टेड फ्रॉम द टीव्ही' म्हटलं की टीव्ही पाहणं हे मुख्य काम होतं आणि त्यात अडथळा आला, असा अर्थ निघतो; बोलणाऱ्याला बहुतेक वेळा उलटं सांगायचं असतं. 'डिस्ट्रॅक्टेड टु' असं काही नाही. 'मोबाइलकडे लक्ष गेलं' यातला 'कडे' थेट उचलला की हा 'टु' जन्मतो. विथ कधी येतं? मुद्दाम काही पुढे करून लक्ष वळवलं तर : शी डिस्ट्रॅक्टेड द बॉय विथ अ रॅटल.

स्वतःच स्वतःचं लक्ष वळवलं तर 'हिमसेल्फ' लागतं : ही डिस्ट्रॅक्टेड हिमसेल्फ बाय काउंटिंग ट्रक्स.

नाम 'डिस्ट्रॅक्शन' दोन्ही प्रकारे चालतं. एक विशिष्ट गोष्ट असेल तर 'अ डिस्ट्रॅक्शन', 'टू मेनी डिस्ट्रॅक्शन्स'. नुसती अवस्था असेल तर आर्टिकल नाही : वर्क विदाउट डिस्ट्रॅक्शन.

---

रामबागकर

फारच उपयोगी. उच्चाराचंही सांगाल का? मंडळात हे पत्रक वाचूनही दाखवायचं आहे आणि इंग्रजी वाक्यं शीर्षकात राहणार आहेत.

---

व्याकरणमित्र

आघात दुसऱ्या अवयवावर : डिस्-ट्रॅक्ट्. शेवटचा ट् गिळू नका, नाहीतर 'डिस्ट्रॅक' होतं. भूतकाळात तीन अवयव : डिस्-ट्रॅक्-टिड. ट् किंवा ड्ने संपणाऱ्या क्रियापदांना -एड लागलं की 'इड' वेगळं ऐकू येतं (वॉन्टिड, नीडिड). 'डिस्ट्रॅक्ट्ड' असं दोन अवयवांत दामटू नये. अमेरिकन तोंडी 'ट्र'चा 'च्र'कडे झुकलेला उच्चार ऐकू येईल, त्याची नक्कल करायची गरज नाही.

लिहिताना 'डिस्ट्रॅक्ट', चंद्रासह. इंदुरात आजूबाजूला हिंदी लेखन 'डिस्ट्रैक्ट' दिसतं, तीच मात्रा मराठी मजकुरात शिरते. मुद्रितशोधकाने तेवढं बघावं.

---

पलासियाचा_पांथस्थ

डिस्टर्ब आणि डिस्ट्रॅक्ट यांची गल्लत आणखी थोडी उकलतो, कारण पत्रकाशी तिचा थेट संबंध आहे.

इंटरप्ट : काम थांबतं. डिस्टर्ब : शांतता किंवा घडी मोडते, काम थांबेल किंवा नाही. डिस्ट्रॅक्ट : काम चालूच राहतं, हातही चालू, फक्त लक्ष तिथे नसतं. डिस्रप्ट : व्यवस्थाच कोलमडते. गाडी चालवण्याच्या बाबतीत म्हणूनच डिस्ट्रॅक्ट सगळ्यांत धोक्याचा. इंटरप्ट झालं असतं तर गाडी थांबली असती.

मोबाइलमधलं 'डू नॉट डिस्टर्ब' मराठीत 'व्यत्यय आणू नका' म्हणून दिसतं, ते योग्य आहे. व्यत्यय म्हणजे खंड पडणं, मुंबई दूरदर्शनवर प्रक्षेपण तुटलं की हीच पाटी येत असे. पण डिस्ट्रॅक्टला 'व्यत्यय' चालणार नाही, कारण इथे खंड पडलेलाच नाही.

कायद्याच्या भाषेतही हा गुंता आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० साली दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीनुसार चालवताना हातातला फोन फक्त रस्ता पाहण्यासाठी वापरता येतो, तोही चालकाची एकाग्रता भंगणार नाही अशा रीतीने. तिथे इंग्रजीत 'डिस्टर्ब द कॉन्सन्ट्रेशन' असा प्रयोग आहे. पाहा, डिस्टर्बचं कर्म इथे चालक नाही, एकाग्रता आहे. 'डिस्टर्ब द ड्रायव्हर' आणि 'डिस्टर्ब द ड्रायव्हर्स कॉन्सन्ट्रेशन' यांत अंतर आहे. दुसरा जवळजवळ डिस्ट्रॅक्टच्या शेजारी जाऊन बसतो. मूळ शिक्षा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये आहे. २०१९ च्या दुरुस्तीने चालवताना हातात फोन वापरणं त्या कलमात आणलं. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. पत्रकात ही ओळ घालणार असाल तर कलमाचा क्रमांक द्या, लोक मग तरी वाचतात.

---

माळव्यातली

व्यत्यय म्हटलं तर 'व्यवधान'चं पण सांगा कुणीतरी. आपल्याकडे सगळ्यांत जास्त घोळ त्याचाच.

---

शब्दपारखी

खरंय. महाराष्ट्रातल्या मराठीत 'बोलण्याच्या नादात वेळेचं व्यवधान राहिलं नाही' म्हणतात, तिथे व्यवधान म्हणजे भान. हिंदीत 'कार्यक्रम में व्यवधान आया' म्हणतात, तिथे ते म्हणजे अडथळा, आणि संस्कृत अर्थाच्या जवळ तोच आहे. मराठीतही अडथळ्याच्या अर्थाने तो लिहिला जातो. पत्रकात 'व्यवधान ठेवा' लिहिलंत तर इंदुरातले निम्मे वाचक 'अडथळा ठेवा' वाचतील. टाळाच.

'व्यग्र'चीही अशीच तऱ्हा. संस्कृतात एकाग्रच्या विरुद्ध व्यग्र : एकाच टोकाशी लागलेलं चित्त आणि अनेक टोकांना विखुरलेलं चित्त. डिस्ट्रॅक्टेडला याहून नेमका शब्द शोधून सापडणार नाही. पण आजच्या मराठीत 'कामात व्यग्र' म्हणजे कामात बुडालेला, म्हणजे बरोबर उलट! हिंदीत व्यग्र म्हणजे व्याकूळ. चांगला शब्द तिन्ही भाषांत तीन वाटांना गेला.

---

योगवाचक

'विक्षेप' कुणी काढला नाही याचं आश्चर्य वाटतंय. पातंजल योगसूत्रांत पहिल्या पादातलं तिसावं सूत्र नऊ अंतराय (अडथळे) मोजतं : व्याधी, स्त्यान, संशय, प्रमाद, आलस्य, अविरती, भ्रांतिदर्शन, अलब्धभूमिकत्व, अनवस्थितत्व. या नवांना ते 'चित्तविक्षेप' म्हणतं. वि + क्षिप्, इकडेतिकडे फेकणं. लॅटिन 'ओढतं', संस्कृत 'फेकतं', बाकी रचना तीच. गंमत म्हणजे फोन, आवाज, शेजारी असलं बाहेरचं काहीच त्या यादीत नाही. आजार, आळस, शंका, सगळे आतले.

आणि या सूत्रांवरच्या व्यासभाष्यात चित्ताच्या पाच भूमी (अवस्था) आहेत : क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र, निरुद्ध. यातला विक्षिप्त म्हणजे वेडा नव्हे. अधूनमधून स्थिर होणारं, पण टिकून न राहणारं चित्त. आपण बहुतेक सगळे.

---

शब्दपारखी

आणि पुढे विक्षिप्तचं काय झालं पाहा. मराठीत विक्षिप्त म्हणजे तऱ्हेवाईक, हिंदीत थेट वेडा. इंग्रजीतही हाच प्रवास झाला. शेक्सपियरच्या काळात 'डिस्ट्रॅक्टेड' किंवा नुसतं 'डिस्ट्रॅक्ट' हे विशेषण भ्रमिष्टाला लावत. त्याचंच बदललेलं रूप 'डिस्ट्रॉट' आज टिकून आहे. अर्थ दुःखाने किंवा काळजीने सैरभैर. तेव्हा 'द मदर वॉज डिस्ट्रॉट' याचं भाषांतर 'आईचं लक्ष नव्हतं' असं करू नये. 'ड्रिव्हन टु डिस्ट्रॅक्शन' मध्येही जुना अर्थ शिल्लक आहे : डोकं फिरवून टाकलं, जीव नकोसा केला. 'लव्ह्ड हर टु डिस्ट्रॅक्शन' म्हणजे वेड्यासारखं प्रेम केलं.

अजून एक भावंड आहे, 'डिस्ट्रे'. फ्रेंचमधून आलं, शेवटचा ट् उच्चारत नाहीत. अन्यमनस्क माणसाला लावतात. बोलण्यात कुणी वापरत नाही, वाचनात आलं तर अडखळू नये म्हणून सांगितलं.

---

हाडवैद्य_नव्हे

एक पूर्ण वेगळा वापर नोंदवतो, कारण दवाखान्याच्या कागदांच्या भाषांतरात त्यावरून अनर्थ होतो.

अस्थिशास्त्रात आणि फिजिओथेरपीत 'डिस्ट्रॅक्शन' म्हणजे अक्षरशः दोन भाग ओढून एकमेकांपासून दूर करणं. मनाचा काही संबंध नाही. 'जॉइंट डिस्ट्रॅक्शन' म्हणजे सांध्यातली दोन हाडं हलक्या ओढीने अलग करून त्यांच्यातली जागा वाढवणं. 'डिस्ट्रॅक्शन ऑस्टिओजेनेसिस' म्हणजे हाड लांबवण्याची पद्धत. ती सोव्हिएत संघातल्या कुर्गानच्या इलिझारोव्ह यांनी विकसित केली आणि त्यांच्याच नावाच्या कड्यांच्या चौकटीने ओळखली जाते.

क्रम असा. हाड शस्त्रक्रियेने कापतात आणि दोन्ही भाग बाहेरच्या चौकटीला तारांनी बांधतात. मग साधारण ५ ते ७ दिवस काहीच ओढत नाहीत, कापलेल्या जागी भरून येण्याची सुरुवात होऊ देतात. त्यानंतर दिवसाला सुमारे १ मिलिमीटर या गतीने ओढतात, तेही एकदम नाही; ०.२५ मिलिमीटर असं दिवसातून चार वेळा, चौकटीवरचं नट फिरवून. या टप्प्याला 'डिस्ट्रॅक्शन फेज' म्हणतात. हवी तेवढी लांबी मिळाली की ओढणं थांबवून नवं हाड कडक होईपर्यंत चौकट तशीच ठेवतात, आणि हा काळ ओढण्याच्या काळापेक्षा बराच जास्त असतो. घाईने ओढलं तर मधल्या जागेत हाड धरत नाही, शिवाय नसा आणि स्नायू ताणले जातात. फार हळू ओढलं तर हाड वेळेआधीच जुळून बसतं आणि पुढे ओढताच येत नाही.

आता अशा रुग्णाच्या कागदावर 'डिस्ट्रॅक्शन १ एमएम पर डे' लिहिलेलं असेल आणि यंत्राने भाषांतर केलं 'दररोज १ मिमी लक्ष विचलन', तर नातेवाईकांनी काय समजायचं? इथे 'ओढ' किंवा 'हाड लांबवणे' एवढंच लिहावं.

---

कात्रणवाला

'दररोज १ मिमी लक्ष विचलन'! परीक्षेच्या दिवसांत आमच्या भागातल्या पोरांचा वेग याहून बराच जास्त असतो.

---

प्रश्नपेढी

परीक्षा निघालीच आहे तर 'डिस्ट्रॅक्टर' राहू नये. बहुपर्यायी प्रश्नात प्रश्नाचा भाग म्हणजे 'स्टेम', बरोबर उत्तर म्हणजे 'की', आणि उरलेले चुकीचे पर्याय म्हणजे 'डिस्ट्रॅक्टर'. चार पर्यायांच्या प्रश्नात तीन. मराठीत 'विचलक' लिहिता येईल, पण 'चकवा पर्याय' जास्त बोलका आहे.

चांगला डिस्ट्रॅक्टर कसा असावा याचे ठोकताळे आहेत. तो अर्धवट तयारी असलेल्याला खरा वाटला पाहिजे, पूर्ण तयारी असलेल्याला नाही. लांबी बरोबर उत्तराएवढीच हवी. बरोबर पर्याय नेहमी लांबलचक आणि काळजीपूर्वक लिहिलेला असतो, तिथेच भांडं फुटतं. व्याकरणदृष्ट्या स्टेमला जुळला पाहिजे, म्हणजे प्रश्न 'कोणती' ने संपत असेल तर पर्यायही स्त्रीलिंगीच हवेत. मराठी प्रश्नपत्रिकांत लिंगामुळे उत्तर उघडं पडण्याचा धोका इंग्रजीपेक्षा जास्त आहे. आणि निकालानंतर जो पर्याय जवळजवळ कुणीच निवडला नाही तो बदलायचा. त्याने कुणाचं लक्ष ओढलंच नाही, म्हणजे तो नावापुरताच डिस्ट्रॅक्टर. याउलट हुशार मुलं कमी आणि कच्ची मुलं जास्त बरोबर आली, तर उत्तरसूचीच तपासायची.

---

व्याकरणमित्र

याच निमित्ताने एक जवळचा जोडशब्द : डिस्ट्रॅक्ट फ्रॉम आणि डिट्रॅक्ट फ्रॉम. दोन्ही वाक्यांत बसतात, म्हणून फसवतात. 'द फॉन्ट डिस्ट्रॅक्ट्स फ्रॉम द मेसेज' म्हणजे अक्षरांच्या नखऱ्यामुळे मजकुराकडे लक्ष जात नाही. 'द फॉन्ट डिट्रॅक्ट्स फ्रॉम द मेसेज' म्हणजे त्या अक्षरांमुळे मजकुराची किंमत उतरते. पहिल्यात लक्ष कमी होतं, दुसऱ्यात मोल. पहिल्या वाक्यात कर्म (रीडर्स) गाळलेलं आहे हेही लक्षात घ्या. सकर्मक असूनही 'फ्रॉम'च्या आधी कर्म गाळण्याची ही एक मुभा इंग्रजीत आहे.

आणि डायव्हर्ट. मेट्रोच्या कामामुळे शहरभर डायव्हर्जनचे फलक आहेतच. डायव्हर्टमध्ये नवी दिशा ठरलेली असते : वाहतूक अमुक रस्त्याने, पैसा अमुक खात्यात. डिस्ट्रॅक्टमध्ये ठरलेली नसते. म्हणून 'डायव्हर्ट ट्रॅफिक' चालतं, 'डिस्ट्रॅक्ट ट्रॅफिक' चालत नाही.

---

भिया_म्हणा

एवढ्या विद्वत्तेत एक साधी गोष्ट. इंदुरात घराघरांत मराठी माणूस 'ध्यान' म्हणतो. 'माझं ध्यान भटकलं', 'त्याचं ध्यान नको बटवू'. सरळ हिंदीचं 'ध्यान बँटना'. पत्रक इथल्यांसाठी आहे तर तेच लिहा ना!

---

माळव्यातली

भिया, बोलायला हरकत नाही, लिहायला आहे. हेच पत्रक कुणी पुण्याच्या भाचीला पाठवलं की तिला 'ध्यान' म्हणजे 'काय ध्यान आहे हे!' मधलं ध्यान दिसणार. आणि 'ध्यानात ठेवा' मधलं ध्यान म्हणजे स्मरण. 'लक्ष' दोन्हीकडे चालतं, तर तेच घ्या. 'बटवू' तर महाराष्ट्रात कुणाला कळणारच नाही. हां, वाचून दाखवताना बोली आली तर येऊ दे.

---

पलासियाचा_पांथस्थ

दुसऱ्या वाक्याकडे परत येऊ. 'डिस्ट्रॅक्टेड ड्रायव्हिंग' ही वाहनसुरक्षेतली ठरलेली संज्ञा आहे आणि तिचे तीन भाग करतात : डोळे रस्त्यावरून हटणं, हात स्टिअरिंगवरून हटणं, मन गाडीवरून हटणं. फोनवर संदेश लिहिताना तिन्ही एकाच वेळी होतात, म्हणून तो सगळ्यांत वाईट. कानात इअरफोन घालून फोनवर बोललं की डोळे आणि हात मोकळे राहतात, मन नाही. 'हँड्स फ्री आहे, काही होत नाही' हा गैरसमज याच तिसऱ्या भागामुळे.

पत्रकात आकडे घाला, विशेषणांपेक्षा चांगले कळतात. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. तीन सेकंद फोनकडे पाहिलं तर ३३ मीटर न पाहता गेले. बायपासवर ताशी ६० असेल तर तीन सेकंदांत ५० मीटर. ब्रेक दाबल्यानंतर लागणारं अंतर यात धरलेलंच नाही.

संज्ञेचं मराठी 'विचलित वाहनचालन' कृपा करून नको. 'लक्ष नसताना गाडी चालवणं' लिहा. 'बेलक्ष' वगैरे नवे शब्द पाडण्यातही अर्थ नाही. 'बेसावध' हवं तर घ्या, पण बेसावध माणसाचं लक्ष दुसरीकडे असेलच असं नाही, तो नुसता ढिलाही असू शकतो.

---

बालरंजन

चौथ्या वाक्याला मराठीत तयार शब्द आहे : भुलवणं. 'रडणाऱ्या मुलाला भुलवायला खेळणं हाताशी ठेवा.' इथे डिस्ट्रॅक्टमध्ये निंदा नाही. लहान मुलांना इंजेक्शन देताना तर ही रीतसर पद्धत आहे. फक्त वेळ साधावी लागते. सुई दिसल्यावर किंवा टोचल्यावर खुळखुळा वाजवून उपयोग नाही, आधीपासून मूल त्यात गुंतलेलं हवं. दोन-तीन वर्षांच्या मुलाला साबणाचे फुगे, पाच-सहा वर्षांच्याला फुंकर मारायला किंवा चित्रातल्या वस्तू मोजायला सांगणं. मुलाला स्वतः काही करावं लागलं तर ते नुसत्या बघण्यापेक्षा जास्त रमतं. 'काही दुखणार नाही' हे मात्र म्हणू नये. ते भुलवणं नव्हे, फसवणं, आणि पुढच्या वेळी तुमच्यावर विश्वास राहत नाही.

गाडीत मात्र भुलवायचं काम मागे बसलेल्याने करायचं, चालवणाऱ्याने नाही. मूळ इंग्रजी वाक्यात हे सुटलंय. नाहीतर चौथी सूचना पहिलीला खोडते.

मोठ्यांच्या बाबतीत 'अ वेलकम डिस्ट्रॅक्शन' असेल तर 'विरंगुळा'.

---

रामबागकर

सगळ्यांचे आभार. मसुदा असा होतोय, दोष काढा :

१. चालकाशी बोलून, काही दाखवून त्याचं लक्ष दुसरीकडे वळवू नका.
२. लक्ष रस्त्यावर नसताना गाडी चालवणं जिवावर बेततं. तीन सेकंद फोनकडे पाहिलंत तर ताशी ४० च्या वेगाने ३३ मीटर रस्ता न पाहता गेला.
३. फोन वाजून लक्ष विचलित झालं, तर गाडी कडेला घ्या, थांबवा, मग फोन उचला.
४. मूल रडत असेल तर मागे बसलेल्यांनी त्याला भुलवावं. खेळणं हाताशी ठेवावं.

---

शब्दपारखी

पहिल्यात 'वळवू नका' नको. कात्रणवाला यांनी वर म्हटल्याप्रमाणे वळवणं मुद्दाम असतं, आणि शेजारी बसलेला माणूस मुद्दाम काही करत नाही, गप्पाच मारतो. त्याला वाटेल ही सूचना आपल्यासाठी नाहीच. 'चालकाचं लक्ष ढळेल असं बोलू नका, काही दाखवू नका' असं करा. तिसऱ्यातही 'लक्ष ढळलं तर' चालेल, 'विचलित'ची गरजच उरत नाही. दुसरं आणि चौथं छापायला द्या.

---

पलासियाचा_पांथस्थ

तिसऱ्यात 'कडेला घ्या' आधी 'इंडिकेटर देऊन' घाला. आणि बायपासवर कडेला म्हणजे डांबराच्या पट्ट्याबाहेर, हेही.